वस्ताद आणि प्रोफेसर

‘कोच’ हा शब्द मूळचा गाडीचा. हंगेरींतील कोच नांवाच्या एका खेड्यांत बनणाऱ्या घोडागाडीवरून तो युरोपभर पसरला. आणि पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं तो थट्टेनें आपल्या खाजगी शिक्षकास लाविला. मंद विद्यार्थ्यास आपल्यावर लादून घेऊन जो परीक्षेच्या मुक्कामास पोंचवितो तो कोच, असा त्या थट्टेचा भावार्थ होता. क्रीडांगणावर हा शब्द त्यानंतर गेला. तात्पर्य, ज्या पदवीनें आज अमेरिकेंतील लक्षावधि लोक फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या वस्तादास आदरानें हांक मारितात, ती पदवी मूळची आमच्या धंद्यांतली आहे. शब्द गेला याचें आम्हांस दुःख नाहीं. पण शब्दाबरोबर त्यांतलें कामहि क्रीडांगणावर गेलें, कीं तें वाटेंत कोठें सांडलें, हा प्रश्न आम्हांस गेलीं कित्येक वर्षें पडलेला आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम वाचकांस आमची ओळख करून दिली पाहिजे. कारण या विषयांत आम्ही तटस्थ नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा आमचा व्यवसाय, आणि अमेरिकेच्या मध्यभागांतील एका सरकारी विद्यापीठांत तो आम्ही जवळजवळ तीस वर्षें करीत आहों. त्याच विद्यापीठाच्या संघांचे आम्ही तितकींच वर्षें निष्ठावंत प्रेक्षकहि आहों. शरदांत दर शनिवारीं फुटबॉल (येथें फुटबॉल म्हणजे चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा अमेरिकन खेळ समजावा) आणि हिवाळ्यांत बास्केटबॉल, असा आमचा नेम आहे. देशांतर केल्यावर संकष्टी-एकादशीचे नेम हळूहळू शिथिल झाले. हा नवा नेम मात्र टिकून राहिला. यामुळें आमची स्थिति दोन घरच्या पाहुण्यासारखी झाली आहे. आमच्या कित्येक सहकारी प्रोफेसरांच्या मतें क्रीडांगण हें विद्यापीठाच्या वृक्षावर वाढलेलें बांडगूळ असून तेथें जाऊन टाळ्या पिटणारा प्रोफेसर हा फितूर होय. उलट क्रीडांगणावरच्या आमच्या शेजाऱ्यांच्या मतें प्रोफेसर म्हणजे ऐन सामन्याच्या तोंडावर उत्तम खेळाडूस नापास करून घरीं बसविणारा एक उपद्रवी प्राणी. दोन्ही घरचीं उणीं आम्हांस ठाऊक आहेत, आणि दोन्ही घरांवर आमचें प्रेम आहे.

महाराष्ट्रांत राहणाऱ्या वाचकांस या प्रकरणाचा विस्तार सांगितल्याखेरीज आमचें म्हणणें नीट उमगणार नाहीं. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे शेंदोनशें विद्यार्थी, एक चहाची किटली आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत चार ओळी. अमेरिकेंत तसें नाहीं. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलच्या क्रीडांगणांत १ लाख ७ हजारांहून अधिक माणसें बसतात, आणि तीं जमतात तीं कोणा धंदेवाईक संघासाठीं नव्हे, तर कॉलेजच्या मुलांचा खेळ पाहण्यासाठीं. आजोबा, मुलगा आणि नात एकाच रंगाचे सदरे घालून येतात. चाळीस वर्षांपूर्वीं पदवी घेतलेला दंतवैद्य आणि कालपरवां दाखल झालेली विद्यार्थिनी एका सुरांत विद्यापीठाचें गीत म्हणतात. आषाढीस पंढरपूर पाहिलेल्या माणसास ही गर्दी फारशी परकी वाटत नाहीं. धंदेवाईक संघ आम्हांस असे ओढीत नाहींत, आणि त्याचें कारण साधें आहे. शनिवारीं ज्यानें चेंडू झेलला तो सोमवारीं सकाळीं आमच्या वर्गांत जांभया देत बसलेला असतो. तो आमचा विद्यार्थी असतो. निदान तो विद्यार्थी असावा अशी समजूत असते, आणि आमच्या साऱ्या प्रेमाचा पाया त्या समजुतीवर आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्री सांगलीहून आमच्याकडे आल्या असतां एका शनिवारीं आम्हीं त्यांस सामन्यास नेलें. गर्दीनें त्या बुजल्या नाहींत. खेळ मात्र त्यांस कळला नाहीं. थोड्या वेळानें मैदानाच्या कडेस लाल तोंड करून किंचाळणाऱ्या एका गृहस्थाकडे बोट दाखवून त्यांनीं विचारिलें, ‘‘हा कोण रे?’’ आम्हीं सांगितलें, ‘‘आई, तो या मुलांचा मास्तर.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग आतां कशाला ओरडतो? आठवडाभर शिकवलं नाहीं का त्यानं?’’ आमच्या पुढच्या रांगेंत कोणास मराठी येत नव्हतें हें एक बरें झालें. कारण कोचांविषयीं आम्हीं आजवर जे लेख वाचले त्यांत इतका मर्मभेदक प्रश्न आम्हांस क्वचितच आढळला आहे.

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस लॉस अँजेलिसच्या जॉन वुडन यांच्या चरित्रांत मिळालें. वुडन हे मूळचे इंडियाना प्रांतांतले. हायस्कुलांत इंग्रजी शिकविणारे मास्तर. १९४८ सालीं वर्षास ६ हजार डॉलर वेतनावर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस शाखेंत बास्केटबॉलचे कोच झाले. त्यांचे संघ पहिल्यापासून सामने जिंकीत. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद हातीं येण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. तेव्हांपासून १९७५ सालीं निवृत्त होईपर्यंतच्या बारा हंगामांत त्यांनीं तें पद दहा वेळां मिळविलें, आणि मध्यंतरीं त्यांच्या संघानें सलग ८८ सामने जिंकले. हे गृहस्थ हंगामाच्या आरंभीं देशांतील निवडक तरुण खेळाडूंस खालीं बसवून पायमोजे कसे घालावे तें शिकवीत. मोज्यास सुरकुती राहिली तर पायास फोड येतो, आणि फोड आला म्हणजे सराव बुडतो, एवढाच त्यांतला हिशेब. सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते लहानशा कार्डावर लिहून आणीत. सामना सुरू झाला म्हणजे मात्र ते बहुधा हातांत कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून बांकावर बसून असत. शिकवावयाचें तें शिकवून झालेलें असे. त्या गुंडाळीआडून ते पंचांस चार शब्द ऐकवीत, हें त्यांच्या भक्तांनींहि कबूल केलें आहे. पण कोप ऋषींसहि सुटलेला नाहीं.

वुडन यांच्या शेवटच्या हंगामांत, म्हणजे १९७४-७५ सालीं, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्यांचे सराव बाजूस बसून पाहिले आणि ते विद्यार्थ्यांशीं काय काय बोलतात याची नोंद केली. शिकविण्याच्या अशा २,३२६ कृति त्यांनीं टिपल्या. त्यांपैकीं निम्म्यांहून थोड्या अधिक कृति म्हणजे नुसती सूचना: काय करावें, कसें करावें, केव्हां करावें. शाबासकी शेंकडा सात, आणि निव्वळ रागावणें तेंहि शेंकडा सातच्या आंत. मुलगा चुकला कीं वुडन योग्य कृति करून दाखवीत, मग त्याची चुकलेली कृति करून दाखवीत, आणि पुन्हां योग्य कृति दाखवून पुढें जात. हें सारें कांहीं क्षणांत आटपे. आम्हांस असें प्रामाणिकपणें वाटतें कीं, विद्यापीठाच्या साऱ्या इमारतींत इतकें शुद्ध अध्यापन दुसरीकडे कोठें चालत नसावें. आमच्या व्यवसायांत विद्यार्थी आज निबंध लिहितो, दोन आठवड्यांनीं तो परत मिळतो, आणि समासांत ‘अस्पष्ट’ एवढा एक शब्द असतो. अस्पष्ट म्हणजे काय, आणि स्पष्ट वाक्य कसें असतें, तें त्यास कोण दाखविणार? चूक घडतांक्षणींच ती दुरुस्त होते, आणि दुसऱ्या दिवशीं तीच कृति पुन्हां तपासली जाते, अशी शिक्षणपद्धति संगीतांत आहे, तालमींत आहे, आणि चांगल्या कोचाच्या हाताखालीं आहे. प्रोफेसरांनीं कोचांस नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांच्या सरावास एकदां जाऊन यावें, अशी आमची शिफारस आहे.

वुडन एकटे नव्हते. पॅट समिट या बाई १९७४ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, टेनेसी विद्यापीठांत मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच झाल्या. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, आणि मुलींच्या संघास कोणी विचारीत नव्हतें. महिना २५० डॉलर वेतन. मुलींची मोटारगाडी बाई स्वतः हांकीत आणि त्यांचे गणवेषहि स्वतःच धूत. अडतीस हंगामांत त्यांनीं १,०९८ सामने जिंकले आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. पण आमच्यासारख्या प्रोफेसरास त्यांचा दुसराच एक नियम अधिक प्रिय आहे. त्यांच्या संघांतील मुलीनें प्रत्येक तासास हजर राहून वर्गांत पहिल्या तीन रांगांतच बसलें पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. ज्या ज्या मुली त्यांच्या संघांत खेळण्याची मुदत पुरी करून गेल्या, त्या साऱ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. बाई कडक होत्या. त्यांची नजर पाहून भल्याभल्या मुलींची गाळण उडत असे. परंतु तो कडकपणा मुलींच्या कल्याणास वाहिलेला होता.

कोणी म्हणेल, तें सुवर्णयुग होतें. पुढें पैसा शिरला आणि सारें नासलें. हें मत आम्हांस इतिहासास धरून वाटत नाहीं. अमेरिकेंत दोन कॉलेजांमध्यें झालेली पहिली स्पर्धा म्हणजे १८५२ सालीं विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्यांत झालेली नौकांची शर्यत. तिचा खर्च एका आगगाडीच्या कंपनीनें केला होता, कारण त्या सरोवराकडे प्रवासी वळावेत अशी तिची इच्छा होती. १९०५ सालीं हार्वर्डनें बिल रीड नांवाचा सव्वीस वर्षांचा फुटबॉलचा कोच ७ हजार डॉलरांवर आणिला; तें वेतन तेथील प्रोफेसरांच्या वेतनाहून अधिक आणि अध्यक्ष एलियट यांच्या वेतनाच्या जवळपास जाणारें होतें. त्याच वर्षीं मैदानावरील मृत्यूंचा इतका बोभाटा झाला कीं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्यास बजाविलें. आणि त्या गडबडींतूनच पुढील वर्षीं आजच्या राष्ट्रीय कॉलेज-क्रीडा संघटनेचा जन्म झाला. १९२९ सालीं कार्नेगी संस्थेनें मोठा अहवाल प्रसिद्ध करून खेळाडूंस परोपरीनें पैसा कसा पोंचविला जातो याचा पाढा वाचला. इतकेंच काय, खुद्द वुडन यांच्या संघाभोंवतींहि एक धनिक आश्रयदाता घोटाळत असे, आणि ते निवृत्त झाल्यावर १९८१ सालीं त्यांच्या विद्यापीठास संघटनेनें दंड केला. म्हणजे या घरांत पैसा पाहुणा म्हणून आला नाहीं. तो पाया घालतेवेळींच हजर होता.

तेव्हां बिघाड पैशानें झाला नसून दुसऱ्याच एका गोष्टीनें झाला आहे, असें आमचें मत आहे. विद्यापीठांनीं कोचास शिक्षकाच्या जबाबदारींतून मोकळें केलें. वेतन शिक्षकाच्या शंभरपट, मान शिक्षकाच्या हजारपट. पण विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें त्यास विचारावयाचें नाहीं.

याचें एक उदाहरण भाषेंतच सांपडतें. गेल्या शतकाच्या मध्यास संघटनेनें ‘विद्यार्थी-क्रीडापटु’ असा एक जोडशब्द प्रचारांत आणिला. ऐकावयास तो किती सात्त्विक आहे! परंतु संघटनेचे तेव्हांचे मुख्य अधिकारी वॉल्टर बायर्स यांनींच पुढें १९९५ सालच्या आपल्या पुस्तकांत सांगून टाकलें कीं, जखमी खेळाडु हा विद्यापीठाचा नोकर ठरून त्यास भरपाई द्यावी लागेल, या भीतीनें तो शब्द घडविला गेला. कोलोरॅडोंतील एका लहान कॉलेजचा खेळाडु १९५५ सालीं सामन्यांत डोक्यास मार बसून मेला. त्याच्या विधवेनें भरपाई मागितली. आणि १९५७ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. विद्यार्थी हा शब्द येथें ढालीसारखा वापरला गेला, आणि ढाल विद्यार्थ्याच्या हातीं नव्हती.

आमच्या वर्गांतील एका मुलाची हकीकत सांगतों. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला असेल. मुलगा धिप्पाड, फुटबॉलमध्यें आघाडीच्या फळींत खेळणारा. लिहितांना मात्र एकेक शब्द तोलून लिहीत असे. आजीच्या परसांतील भाजीच्या वाफ्यांवर त्यानें लिहिलेला निबंध आम्हांस अजून आठवतो. त्याला वनस्पतिशास्त्र शिकावयाचें होतें. पण त्या विषयाच्या प्रयोगशाळेचे तास दुपारीं असत आणि सरावहि दुपारींच; म्हणून क्रीडाविभागाच्या सल्लागारानें त्यास ज्या विषयाचे सारे तास सकाळीं असतात तो विषय घ्यावयास लाविलें. तिसऱ्या वर्षीं त्याचा गुडघा निकामी झाला. १९७३ पासून पुढें कित्येक वर्षें खेळाडूची शिष्यवृत्ति एका वर्षापुरतीच असे व दर वर्षीं नवी करून घ्यावी लागे. ती पुढल्या वर्षीं नवी झाली नाहीं. कोणताहि नियम मोडला गेला नव्हता. तो मुलगा एके दिवशीं आमच्या खोलींत येऊन वाचावयास नेलेलीं दोन पुस्तकें परत करून गेला. पुढें त्याचें काय झालें तें आम्हांस कळलें नाहीं. पुढच्या शरदांत त्याचा आंकडा दुसऱ्या मुलाच्या पाठीवर होता, आणि क्रीडांगण भरलेलें होतें.

याहून भयंकर गोष्टीहि घडल्या आहेत. २०१८ च्या मे महिन्यांत मेरीलंड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा एक फुटबॉलपटु सरावांत धांवतांना उष्माघातानें कोसळला आणि पंधरा दिवसांनीं वारला. अशा वेळीं रुग्णास ताबडतोब थंड पाण्यांत बुडविलें असतां प्राण वांचतात, हें वैद्यकशास्त्रानें निश्चित केलें आहे. तो उपाय झाला नाहीं. विद्यापीठानें पुढें कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणें पत्करली. दमलेला मुलगा थांबला कीं तो भित्रा, आणि त्यास पळविणारा तो खरा मर्द, अशी एक समजूत कित्येक मैदानांवर अजून नांदते. आमच्याकडील जुन्या तालमींतहि मेहनत कमी नव्हती. परंतु पठ्ठ्याचा दम कोठें संपतो हें ओळखणें हीच वस्तादाची विद्या, असें तेथें मानीत. दम ओळखतां येत नाहीं त्यानें दम काढूं नये.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दूरचित्रवाणीवरील सामन्यांच्या विक्रीचा संघटनेचा मक्ता मोडला, आणि तेव्हांपासून पैशाचा पूर आला. तो पूर कोचांच्या घरांत शिरला. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आज सरकारी नोकरांपैकीं सर्वांत अधिक वेतन घेणारा माणूस हा कोणत्या तरी विद्यापीठाचा कोच असतो. २०२३ सालीं टेक्सासमधील एका विद्यापीठानें आपल्या फुटबॉलच्या कोचास मुदतीपूर्वीं काढून टाकलें, तेव्हां करारान्वयें त्यास देणें निघालेली रक्कम साडेसात कोटी डॉलरांहून अधिक होती. आणि ती काम करण्याबद्दल नव्हती, तर न करण्याबद्दल होती. मुलांस मात्र शिष्यवृत्तीपलीकडे पै घेण्याची मनाई. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायाधीशांनीं एकमतानें संघटनेच्या विरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीं खेळाडूंस आपल्या नांवाच्या व चेहऱ्याच्या जाहिरातींचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठें स्वतः त्यांस पैसे देऊं लागलीं आहेत. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर.

आमचे क्रीडांगणावरचे शेजारी यावर फार हळहळतात. मुलें लोभी झालीं, निष्ठा उरली नाहीं, आज या विद्यापीठांत तर उद्यां त्या, असें ते म्हणतात. आम्हांस ही हळहळ पटत नाहीं. कोच तर केव्हांच आज येथें आणि उद्यां तेथें जात होते, कधीं कधीं हंगाम संपण्याची वाटहि न पाहतां. मुलगा दुसऱ्या विद्यापीठांत गेला तर मात्र फुटबॉल-बास्केटबॉलमध्यें त्यास एक वर्ष बाहेर बसावें लागे. ती अट २०२१ सालीं सुटली. ज्याच्या घामावर सारा डोलारा उभा आहे त्यास त्यांतला वांटा मिळणें हा न्याय आहे, आणि तो उशिरां मिळाला एवढेंच त्यांत वाईट आहे.

परंतु न्यायानें एक नवें संकट उभें केलें आहे, तेंहि झांकून ठेवतां येत नाहीं. ज्या मुलास शिकवून तयार करण्यास तीन वर्षें लागतात, तो दुसऱ्यानें तयार केलेला आयता विकत मिळूं लागला, तर कोच शिकवील कशाला? आणि दर वर्षीं अर्धा संघ नवा असेल तर शिकविण्यास वेळ तरी कोठून आणील? ज्या विद्येमुळें आम्ही कोचांस गुरु मानतों ती विद्याच या बाजारांत निरुपयोगी ठरण्याचा संभव आहे. वुडन यांस पहिलें अजिंक्यपद सोळाव्या हंगामांत मिळालें. आजच्या एखाद्या मोठ्या विद्यापीठानें त्यांस सोळा हंगाम ठेविलें असतें काय? आमचें उत्तर असें कीं, सहाव्या-सातव्या हंगामांतच प्रेक्षकांनीं ओरड केली असती, धनिकांनीं वर्गणी जमविली असती, आणि पायमोजे शिकविणाऱ्या त्या मास्तरास इंडियानाची वाट दाखविली गेली असती. म्हणून दोषाचा मोठा वांटा प्रेक्षकवर्गाचा आहे असें आम्ही म्हणतों. कोच हा अखेर मागणीप्रमाणें पुरवठा करणारा माणूस. तिकिटाची किंमत मोजणारा जोंवर केवळ गुणफलकाकडे पाहतो, तोंवर कोचहि त्याचकडे पाहणार.

मग हा खेळच बंद करावा काय? तसेंहि एका विद्यापीठानें करून पाहिलें आहे. शिकागो विद्यापीठाचे कोच ॲमॉस स्टॅग यांस १८९२ सालीं नेमतांना प्राध्यापकांत गणून कायमची जागा देण्यांत आली होती. कोच हा शिक्षक होय, ही गोष्ट त्या विद्यापीठानें नेमणुकीच्या कागदावरच लिहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण पुढें संघ हरूं लागला, आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनीं १९३९ सालीं फुटबॉल सफाई बंद केला. १९४२ च्या डिसेंबरांत स्टॅग यांच्याच नांवाच्या रिकाम्या क्रीडांगणाच्या पायऱ्यांखालीं शास्त्रज्ञांनीं जगांतील पहिली मानवकृत अणुशृंखला घडवून आणिली. आमचे सहकारी ही गोष्ट फार आवडीनें सांगतात. ते इतकेंच सांगावयाचें विसरतात कीं, १९६९ सालीं त्याच विद्यापीठांत फुटबॉल पुन्हां सुरू झाला, लहान प्रमाणावर आणि खेळाडूस शिष्यवृत्ति न देतां. तरुण मुलें जेथें जमतात तेथें खेळ हा उगवणारच. प्रश्न त्यास वळण कोण लावितो एवढाच आहे.

आपल्या महाराष्ट्रांतील एका कॉलेजाची गोष्ट या संदर्भांत आम्ही येथील मित्रांस नेहमीं सांगतों. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावयास त्यांच्यापाशीं पैसे नव्हते, तेव्हां त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास व्यक्तीनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरवून, त्या पैशांतून गुरुजींचें घर सोडविलें. साडेसात कोटी डॉलर आणि सात हजार रुपये हे दोन आंकडे शेजारीं ठेविले म्हणजे आमचे अमेरिकन मित्र गप्प होतात. परंतु आम्ही त्यांस हेंहि सांगतों कीं, ही गोष्ट जितकी थोर तितकीच लाजिरवाणी आहे. कारण प्राचार्यांवर घर गहाण ठेवण्याची पाळी यावी, अशी व्यवस्था कोणत्याहि देशानें अभिमानानें मिरवूं नये. त्यागावर एक पदक मिळतें. सोय असेल तर शंभर मुलें शिकतात. २०२० सालीं भारतांत ‘खेलो इंडिया’ विद्यापीठस्पर्धा सुरू झाल्या, आणि आपल्या विद्यापीठांतहि हळूहळू सोयी व पैसा येत आहे. येऊं द्यावा. फक्त अमेरिकेकडून उचलावयाचें झाल्यास वुडन यांचें कार्ड आणि समिटबाईंच्या पहिल्या तीन रांगा आधीं उचलाव्या. लाख माणसांचें क्रीडांगण मागाहून बांधतां येईल.

येथील विद्यापीठांस आमची सूचना एकच आहे, आणि ती खर्चाचीहि नाहीं. ज्या मुलानें एकदां विद्यापीठाचा गणवेष अंगावर घातला त्यास, तो जखमी होवो, संघांतून गळो, कीं मधेंच धंदेवाईक संघांत जावो, वाटेल त्या वयांत परत येऊन फी न देतां पदवी पुरी करण्याचा लेखी हक्क असावा. आणि कोचाच्या बक्षिसाचा मोठा भाग त्या पदव्यांवर अवलंबून ठेवावा. कित्येक विद्यापीठांत यांतलें कांहीं थोडें आहे. पण सामना जिंकल्याच्या बक्षिसापुढें तें पानांतल्या चटणीएवढें आहे. तें भाताएवढें झालें पाहिजे. मग कोच आपण होऊन प्रयोगशाळेचे तास आणि सरावाचे तास यांची सांगड घालील. त्यास कोणी उपदेश करावयास नको.

आणि प्रेक्षकांस सांगावयाचें तें असें. कोचाची परीक्षा सर्वोत्तम खेळाडूवरून करूं नये. तो कोणाच्याहि हाताखालीं चमकला असता. चार वर्षें बांकावर बसून राहिलेला मुलगा काय शिकून गेला, आणि गुडघा गमावलेल्या मुलाच्या खोलीवर कोच किती वेळां गेला, हें विचारावें. विद्यापीठाच्या गांवांत या गोष्टी लपत नाहींत. न्हाव्याच्या दुकानांतसुद्धां त्या कळतात. आमच्या विद्यापीठांत आजवर आलेल्या कोचांपैकीं दोघे आमच्या या परीक्षेस उतरले, आणि त्यांपैकीं एकास पुरेसे सामने न जिंकल्यामुळें जावें लागलें. त्याच्या निरोपसमारंभास खुर्च्या थोड्या होत्या. पण आलेल्या माणसांत त्याचे जुने विद्यार्थी इतके होते कीं, कित्येकांस भिंतीस टेकून उभें राहावें लागलें. यंदाच्या हंगामाचें तिकीट आम्हीं घेतलें आहे. नवा कोच तरुण असून फार ओरडतो असें ऐकतों. त्याचा सराव पाहण्याची परवानगी आम्हीं मागितली आहे, आणि ती मिळाल्यावर त्याच्याविषयीं आपलें मत बनवूं.